मेंदूविज्ञानात ‘रिसर्च असोसिएट’ व्हायचंय? मग ही वाट आधी समजून घ्या

ओळखीच्या माणसाचं नाव ओठांवर असतं, पण आठवत नाही. त्या क्षणी मेंदूत नेमकं काय चालू असतं? लक्ष, स्मृती, भाषा, निर्णय या गोष्टी मेंदू कशा घडवतो, हे शोधणारं शास्त्र म्हणजे कॉग्निटिव्ह न्यूरोसायन्स. आणि यातलं एक पद म्हणजे रिसर्च असोसिएट, थोडक्यात आरए.

नावावरून ही पदवीनंतरची पहिली नोकरी वाटते. पण सरकारी निधीवर चालणाऱ्या प्रकल्पांत गणित वेगळं असतं.

काम काय असतं?

प्रयोग आखायचा, स्वयंसेवकांची लेखी संमती घ्यायची, मोजमाप करायचं आणि आकडे तपासून शोधनिबंध लिहायचा. ईईजीच्या टोपीतून मेंदूतले विद्युत बदल सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत टिपता येतात. एफएमआरआय रक्तातल्या ऑक्सिजनच्या बदलांवरून मेंदूचा कुठला भाग कामात आहे ते दाखवतं. यंत्रापेक्षा जास्त वेळ मात्र कॉम्प्युटरसमोर जातो. म्हणून संख्याशास्त्र आणि पायथन किंवा मॅटलॅब यायलाच हवं.

तिथवर पोहोचायचं कसं?

सायकॉलॉजी, बायोलॉजी, फिजिक्स, इंजिनिअरिंग, कुठूनही सुरुवात होऊ शकते. कॉग्निटिव्ह सायन्समध्ये मास्टर्स करायचं तर अलाहाबाद विद्यापीठ आणि आयआयटी गांधीनगर हे पर्याय आहेत. त्यानंतर नेट किंवा गेट देऊन जेआरएफ म्हणून प्रकल्पात शिरता येतं. पीएचडीसाठी बंगळुरूची आयआयएससी आणि निम्हान्स, मानेसरचं नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटर ही मोठी नावं.

आरए होण्यासाठी साधारणपणे पीएचडी लागते. एमटेकसारख्या पदवीनंतर 3 वर्षांचं संशोधन आणि किमान एक शोधनिबंध असेल, तरीही दार उघडतं. म्हणजे सरळ वाटेने गेलात तरी वय 27-28 होतं.

पैसे किती मिळतात?

केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने 1 जानेवारी 2023 पासून लागू केलेल्या दरांनुसार जेआरएफला महिना 37,000, एसआरएफला 42,000 आणि आरएला श्रेणीप्रमाणे 58,000, 63,000 किंवा 67,000 रुपये. घरभाडे भत्ता वेगळा.

मग अडचण कुठे आहे?

हे पद कायमचं नाही. प्रकल्पाचा निधी संपला की नेमणूकही संपते. त्यामुळे पहिल्या दिवसापासून पुढची तयारी ठेवावी लागते: परदेशात पोस्टडॉक, प्राध्यापकी, नाहीतर डेटा सायन्स आणि यूएक्स रिसर्चसारख्या खासगी नोकऱ्या.

दुसरी गोष्ट, खासगी संस्था आणि परदेशी विद्यापीठं हेच नाव वेगवेगळ्या पातळीच्या पदांना देतात. कुठे मास्टर्सवर काम भागतं, कुठे पीएचडीशिवाय अर्जही चालत नाही. म्हणून जाहिरातीत पदाच्या नावाआधी पात्रता आणि मुदत वाचा.

अजून कॉलेजात असाल तर विज्ञान अकादम्यांची उन्हाळी संशोधन फेलोशिप बघा. दोन महिने प्रयोगशाळेत काढले, की पुढची 5-6 वर्षं यात घालायची का, याचं उत्तर बऱ्यापैकी मिळतं.