पेज, सॅचेल

पेज, सॅचेल : (७ जुलै १९०६ – ८ जून १९८२). अमेरिकेतील श्रेष्ठ बेसबॉल पिचर. संपूर्ण नाव लेरॉय रॉबर्ट पेज. कृष्णवर्णीय खेळाडूंच्या निग्रो लीगमधील संघ, कॅरिबियन देशांतील स्पर्धा, गावोगावचे प्रदर्शनी सामने आणि अखेरीस मेजर लीग अशा सर्व ठिकाणी मिळून सुमारे चाळीस वर्षे ते खेळत राहिले. मेजर लीगमध्ये त्यांनी पदार्पण केले ते वयाच्या ४२ व्या वर्षी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९४७ पर्यंत मेजर लीगच्या संघमालकांनी कृष्णवर्णीय खेळाडूंना अलिखित संकेताने बाहेर ठेवले होते, हे या विलंबाचे एकमेव कारण. परिणामी त्यांच्या ऐन भराच्या काळाच्या नोंदी तुटपुंज्या आहेत, तर उतारवयातील काही महिन्यांचा तपशील दिवसवार मिळतो.

जन्म व बालपण : जन्म ॲलाबामा राज्यातील मोबिल शहरी, मोठ्या व गरीब कुटुंबात. वडील माळीकाम करीत, आई लोकांकडची धुणी धूत असे. जन्मवर्षाविषयी बरीच वर्षे वाद होता. दाखला ठेवलेले बायबल बोकडाने खाल्ले, ही पेज यांनी सांगितलेली कथा प्रसिद्ध आहे. उपलब्ध जन्मदाखल्यात १९०६ हे वर्ष आहे. रेल्वे स्थानकावर प्रवाशांच्या पिशव्या वाहण्याच्या कामावरून सॅचेल (पिशवी) हे टोपणनाव पडले असे ते सांगत. बालमित्रांनी याची वेगळी हकिगतही सांगितली आहे. १९१८ मध्ये दुकानातील किरकोळ चोरीबद्दल त्यांना माउंट मेग्ज येथील कृष्णवर्णीय मुलांच्या सुधारगृहात पाठविण्यात आले. तेथे एडवर्ड बर्ड या प्रशिक्षकाने त्यांना चेंडूफेकीचे पहिले धडे दिले. १९२३ च्या अखेरीस सुटका.

निग्रो लीगमधील कारकीर्द : मोबिल टायगर्स या स्थानिक संघातून १९२४ मध्ये प्रारंभ. १९२६ मध्ये चॅटनूगा ब्लॅक लुकआउट्स या संघातून व्यावसायिक पदार्पण. १९२७ पासून बर्मिंगहॅम ब्लॅक बॅरन्स. १९३१ मध्ये गस ग्रीनली यांच्या पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स संघात प्रवेश. जॉश गिब्सन, ऑस्कर चार्ल्स्टन, कूल पापा बेल व ज्यूडी जॉन्सन हे त्यांचे तेथील सहकारी. पेज धरून पाचही जण पुढे बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले. १९३४ च्या ईस्ट-वेस्ट ऑलस्टार सामन्यात (शिकागो) सहाव्या इनिंगमध्ये पेज यांना पाचारण झाले. प्रतिस्पर्धी खेळाडू दुसऱ्या बेसवर होता आणि एकही बळी पडलेला नव्हता. तेथून अखेरपर्यंत चार इनिंगमध्ये त्यांनी एकही धाव दिली नाही आणि पूर्व संघ १-० असा जिंकला.

करार मोडून अधिक पैसे देणाऱ्या संघाकडे जाण्याबद्दल त्यांच्यावर टीका होई व बंदीही येई. मात्र ज्या व्यवस्थेत सर्वोच्च स्पर्धेचे दारच बंद होते, तेथे आपल्या हाताची किंमत आपणच ठरवणे हा त्यांच्यापुढील व्यवहार्य मार्ग होता, हे लक्षात घ्यावे लागते. १९३३ व १९३५ मध्ये ते नॉर्थ डकोटातील बिस्मार्क येथील संघाकडून खेळले. श्वेत व कृष्णवर्णीय खेळाडू एकत्र असलेला हा संघ नील चर्चिल या मोटारविक्रेत्याने उभारला होता. गावात भाड्याने घर मिळेना, म्हणून आपला मुक्काम रेल्वेच्या एका मालडब्यात होता, असे पेज यांनी नमूद केले आहे. १९३५ मध्ये विचिटा (कॅन्सस) येथील राष्ट्रीय स्पर्धा या संघाने जिंकली. पेज यांनी चार सामने जिंकून ६० स्ट्राइकआउट घेतले.

१९३७ मध्ये डोमिनिकन प्रजासत्ताकाचा हुकूमशहा राफाएल त्रुहियो याच्या नावाने खेळणाऱ्या संघात ते गेले आणि त्या संघाने अजिंक्यपद मिळवले. मैदानाभोवती सशस्त्र सैनिक उभे असल्याची वर्णने रंगवून सांगितली जातात. त्यांतील तपशिलांत एकवाक्यता नाही.

दुखापत व पुनरागमन : १९३८ मध्ये मेक्सिकोत खेळताना त्यांचा उजवा हात निकामी झाल्यासारखा झाला. कॅन्सस सिटी मोनार्क्सचे मालक जे. एल. विल्किन्सन यांनी त्यांना आपल्या दुय्यम, फिरत्या संघात घेतले. केवळ नावावर गर्दी जमेल, एवढीच अपेक्षा होती. १९३९ मध्ये हात पूर्ववत झाला. १९३९-४० च्या हिवाळ्यात प्वेर्तो रिकोतील ग्वायामा संघासाठी त्यांनी १९ सामने जिंकले. मोनार्क्सकडून १९४२ च्या निग्रो वर्ल्ड सिरीजमध्ये होमस्टेड ग्रेज संघावर ४-० असा विजय. त्यांतील पिट्सबर्ग येथील सामन्यात तिन्ही बेस भरलेले असताना त्यांनी गिब्सनला स्ट्राइकआउट केले. गिब्सनशी गाठ पडावी म्हणून आधीच्या बॅटरांना मुद्दाम बेस बहाल केले, ही कथा पेज व त्यांचे सहकारी बक ओनील सांगत; समकालीन वृत्तांतांतून तिला पुरता दुजोरा मिळत नाही.

शैली : उंची सुमारे १९१ सेंमी., हातपाय लांब व सडपातळ. डावा पाय डोक्याच्या उंचीपर्यंत उचलून ते चेंडू फेकीत. तरुणपणी त्यांचा सारा भर वेगवान चेंडूवर असे. हाताच्या दुखापतीनंतर वळणारे व संथ चेंडू त्यांनी कमावले. आपल्या प्रत्येक चेंडूला ते स्वतंत्र नाव देत. नियंत्रण हे त्यांचे खरे सामर्थ्य होय. होम प्लेट ४३ सेंमी. रुंद असते, तिच्याऐवजी च्युइंगगमचे वेष्टन ठेवून त्यावरून चेंडू काढण्याचा सराव ते करीत. ‘हेझिटेशन पिच’ ही त्यांची खास निर्मिती. यात पुढचा पाय जमिनीवर टेकल्यावर हात क्षणभर मागेच थांबतो. बॅटर पाय पाहून फटक्याची सुरुवात करतो आणि चेंडू नंतर येतो. १९४८ मध्ये अमेरिकन लीगचे अध्यक्ष विल हॅरिज यांनी ही फेक अवैध ठरवली. पेज यांच्यावरील बहुतेक लेखनात किस्स्यांना अधिक जागा मिळते. पिचिंगच्या इतिहासात मात्र बॅटरचा ताल मोडण्याची त्यांची ही जाण अधिक मोलाची आहे.

क्लीव्हलँड, १९४८ : ७ जुलै १९४८ रोजी, ४२ व्या वाढदिवशी, क्लीव्हलँड इंडियन्सचे मालक बिल वेक यांनी त्यांच्याशी करार केला. त्यापूर्वी संघाचा खेळाडू-व्यवस्थापक लू बूद्रो याने त्यांची चाचणी घेतली. स्पोर्टिंग न्यूज या साप्ताहिकाचे संपादक टेलर स्पिंक यांनी हा केवळ प्रसिद्धीचा खेळ असल्याची टीका केली. ९ जुलै रोजी सेंट लुईस ब्राउन्सविरुद्ध पाचव्या इनिंगमध्ये पदार्पण. दोन इनिंगमध्ये एकही धाव दिली नाही. १५ जुलै रोजी पहिला विजय. ३ ऑगस्टला प्रथमच सामन्याची सुरुवात त्यांच्याकडे सोपवली गेली. क्लीव्हलँडमध्ये ७२,४३४ प्रेक्षकांसमोर त्यांनी वॉशिंग्टन संघाला हरवले. १३ ऑगस्टला शिकागो येथे ५१,०१३ प्रेक्षकांसमोर व्हाइट सॉक्सवर ५-० विजय. २० ऑगस्टला क्लीव्हलँडमध्ये त्याच संघावर १-० विजय; त्या रात्रीची ७८,३८२ ही उपस्थिती रात्रीच्या सामन्यासाठी तेव्हा उच्चांक ठरली. लागोपाठच्या या दोन्ही सामन्यांत त्यांनी सर्व नऊ इनिंग टाकल्या. मोसमाअखेर ६ विजय, १ पराभव. नऊ इनिंगमागे सरासरी २.४८ धावा. त्या वर्षी क्लीव्हलँडने लीग जिंकली ती बरोबरीनंतरच्या एका जादा सामन्यात. तेव्हा या सहा विजयांचे मोल वेगळे सांगायला नको. १० ऑक्टोबर रोजी वर्ल्ड सिरीजच्या पाचव्या सामन्यात पेज यांनी दोन बॅटर बाद केले. वर्ल्ड सिरीजमध्ये चेंडू टाकणारे ते पहिले कृष्णवर्णीय पिचर होत.

उत्तरकाळ : वेक यांनी क्लीव्हलँड संघ विकल्यावर पेज यांना मुक्त करण्यात आले. १९५१–५३ मध्ये सेंट लुईस ब्राउन्स. १९५२ मध्ये १२ विजय. ऑगस्टमध्ये डेट्रॉइटविरुद्ध सलग १२ इनिंग टाकून १-० असा विजय. १९५२ व १९५३ मध्ये ऑलस्टार संघात निवड. १९५६–५८ मायॅमी मार्लिन्स (इंटरनॅशनल लीग). २५ सप्टेंबर १९६५ रोजी, वयाच्या ५९ व्या वर्षी, कॅन्सस सिटी ॲथलेटिक्सकडून बॉस्टन रेड सॉक्सविरुद्ध तीन इनिंग. एकही धाव नाही. त्यांच्यावर एकच यशस्वी फटका मारता आला, तो कार्ल यास्ट्रेम्स्की यांना. निवृत्तिवेतनाच्या पात्रतेसाठी १५८ दिवस कमी पडत होते. ते भरून यावेत म्हणून १९६८ मध्ये अटलांटा ब्रेव्ह्ज संघाने त्यांना करारबद्ध केले.

कौटुंबिक : विवाह दोन : जॅनेट हॉवर्ड (१९३४) व लाहोमा ब्राउन.

सन्मान : १९६६ मध्ये हॉल ऑफ फेममधील आपल्या सत्काराच्या भाषणात टेड विल्यम्स यांनी पेज व गिब्सन यांच्या समावेशाची जाहीर मागणी केली. १९७१ मध्ये निग्रो लीगसाठीच्या विशेष समितीने निवडलेले पेज हे पहिले खेळाडू ठरले. प्रथम त्यांच्यासाठी वेगळे दालन ठेवण्याचा विचार होता. जनक्षोभानंतर त्यांना इतरांच्या बरोबरीने स्थान देण्यात आले. निधन कॅन्सस सिटी (मिसूरी) येथे.

आकडेवारी व मूल्यमापन : १९४८ ते १९६५ या काळातील मेजर लीगच्या सहा मोसमांत २८ विजय, ३१ पराभव, ४७६ इनिंग, २८८ स्ट्राइकआउट, सरासरी ३.२९. एकूण सुमारे २,००० विजयांचा आकडा पेज स्वतः सांगत. तो तपासता येत नाही, कारण असंख्य प्रदर्शनी सामन्यांचे धावफलक कोणी जपलेच नाहीत. डिसेंबर २०२० मध्ये १९२०–४८ मधील निग्रो लीगना मेजर लीगचा दर्जा देण्यात आला आणि २०२४ मध्ये त्यांची आकडेवारी अधिकृत नोंदींत मिळवली गेली. त्यामुळे पेज यांचे मेजर लीग पदार्पण आता १९२७ चे मानले जाते. फिरत्या संघांचे सामने याही हिशेबाबाहेर आहेत. छापील आकड्यांवरून त्यांची थोरवी मोजल्यास ती नेहमी कमीच भरेल. चाळिशी उलटल्यावर, दुखापतीतून सावरलेल्या हाताने, सर्वोच्च स्पर्धेत लागोपाठ दोन सामन्यांत प्रतिस्पर्ध्याला एकही धाव न देणारा पिचर पंचविशीत कोणत्या ताकदीचा असेल, याचा अंदाज अभ्यासकाने तेथूनच बांधावा.