हेड पॅकिंगची जाडी: एका मिलिमीटरचा इतिहास

आजचा विषय ऐकून काहीजण म्हणतील, हेड गॅस्केटला कसला आलाय इतिहास? गॅरेजमध्ये ज्याला आपण ‘हेडचं पॅकिंग’ म्हणतो, तो एक पातळ पत्रा. वायू बाहेर जाऊ नये आणि पाणी आत येऊ नये, एवढंच त्याचं काम. सुरुवातीला ते खरंही होतं. पण गेल्या शंभर वर्षांत याच पत्र्याकडे दुसरं काम आलं: पिस्टन आणि हेड यांच्यात किती जागा राहील, हे ठरवण्याचं.

सुरुवात करू या 1910 च्या दशकापासून. तेव्हाच्या बहुतेक मोटारी साइड-व्हॉल्व्ह इंजिनाच्या. व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला, त्यामुळे ज्वलनाची जागा पसरट. फोर्डच्या मॉडेल टीचं कॉम्प्रेशन जेमतेम 4 पट होतं. ते वाढवायला गेलं की इंजिन ठोके द्यायचं. यालाच आपण नॉकिंग म्हणतो. ठिणगीपासून निघालेली ज्योत कोपऱ्यातल्या मिश्रणापर्यंत पोचायच्या आत ते मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटतं, हे त्याचं कारण.

इथे हॅरी रिकार्डो येतात. जन्म 1885 चा, शिक्षण केंब्रिजला, तिथे प्राध्यापक बर्ट्रम हॉपकिन्सन यांच्या हाताखाली काम. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश रणगाड्यांसाठी त्यांनी इंजिन बनवलं. 1919 च्या सुमारास त्यांनी साइड-व्हॉल्व्ह इंजिनासाठी नवं हेड आणलं. युक्ती साधी होती. ज्वलनाची जागा व्हॉल्व्हच्या वर गोळा करायची आणि उरलेल्या भागात हेडचा सपाट पृष्ठभाग इतका खाली आणायचा, की पिस्टन वर आल्यावर जवळजवळ त्याला टेकेल.

यातून दोन गोष्टी साधल्या. चिंचोळ्या फटीतलं मिश्रण पिळून जोरात बाहेर फेकलं जातं, घुसळण होते आणि ज्योत वेगाने पसरते. दुसरं, फटीत जे थोडं मिश्रण उरतं, त्याच्या वरखाली थंड धातू असतो; ते सहजासहजी पेटत नाही. या परिणामाला पुढे ‘स्क्विश’ हे नाव रूढ झालं. म्हणजे बघा, मोकळी जागा ही निव्वळ ‘धक्का लागू नये म्हणून’ सोडायची गोष्ट राहिली नाही. ती इंजिनाच्या रचनेचाच भाग झाली.

आता ही फट मोजायची कशी? पिस्टन वरच्या टोकाला ब्लॉकच्या पातळीपासून किती खाली राहतो, ते मोजायचं आणि त्यात आवळल्यानंतरची गॅस्केटची जाडी मिळवायची. पिस्टन ब्लॉकच्या वर येत असेल, तर तेवढं वजा करायचं. साधारण मोटारीच्या पेट्रोल इंजिनात हे उत्तर एक मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. फार कमी केलं तर धोका: गरम झाल्यावर पिस्टन फुगतो, जास्त फेऱ्यांवर कनेक्टिंग रॉड किंचित ताणला जातो, बेअरिंगमध्येही थोडी ढिलाई असतेच.

आणि फट जास्त ठेवली तर? इथेच लोक फसतात. समजा बोअर 80 मिमी, स्ट्रोक 80 मिमी आणि कॉम्प्रेशन 9.5 पट. गॅस्केट अर्ध्या मिलिमीटरने जाड घातलं, तर जागा सुमारे 2.5 घनसेंटिमीटर वाढते आणि कॉम्प्रेशन 9.1 च्या आसपास येतं. वाटतं, चला, नॉकिंग थांबेल. पण त्याच अर्ध्या मिलिमीटरने स्क्विश ढिला पडतो. त्यामुळे कॉम्प्रेशन कमी होऊनही नॉकिंगची तक्रार तशीच राहू शकते, कधी वाढतेही.

डिझेलमध्ये हा हिशोब आणखी कडक आहे. थेट फवारणीच्या इंजिनात हवा पिस्टनमधल्या वाटीत हवी. वाटीबाहेर राहिलेली बरीचशी वाया जाते. त्यात एकाच साच्याचे ब्लॉक आणि रॉडसुद्धा शतांश मिलिमीटरांनी वेगळे निघतात. म्हणून कंपन्यांनी एकाच इंजिनासाठी निरनिराळ्या जाडीची गॅस्केट काढली आणि ओळखायला भोकं किंवा खाचा ठेवल्या. फोक्सवॅगनच्या 1.9 लिटर टीडीआयचं उदाहरण घ्या. पिस्टन ब्लॉकच्या वर 0.91 ते 1.00 मिमी येत असेल तर एक भोक, 1.01 ते 1.10 असेल तर दोन, 1.11 ते 1.20 असेल तर तीन. डायल गेज लावून सगळे पिस्टन मोजायचे. सर्वांत वर येणारा पिस्टन गॅस्केट ठरवतो.

गॅस्केटही बदललं. तांब्याच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस भरलेलं जुनं पॅकिंग आवळल्यावर बरंच दबायचं, त्यामुळे सुट्या गॅस्केटची जाडी मोजून नेमकं काही कळत नसे. आताचं अनेक पदरी स्टीलचं गॅस्केट फारच कमी दबतं. त्यामुळे जाडीचा हिशोब भरवशाचा झाला. मात्र त्याला पृष्ठभागही तितकाच गुळगुळीत लागतो.

म्हणून हेडला किंवा ब्लॉकला फेसिंग मारलं की ‘एक जाड पॅकिंग टाकून द्या’ म्हणण्याआधी मोजमाप घ्या. गेज नसेल तर पेट्रोल इंजिनात जुनी रीत आहे: पिस्टनच्या सपाट कडेवर मऊ सोल्डरची तार ठेवायची, हेड आवळून इंजिन हाताने एक फेरा फिरवायचं, मग हेड काढून दबलेली तार मोजायची. कुठे अडलं, तर जोर लावायचा नाही. तारेची जाडी म्हणजेच तुमची फट.

रिकार्डोंनी शंभर वर्षांपूर्वी ज्या फटीला कामाला लावलं, ती अंदाजाने बंद किंवा मोठी करू नये, एवढंच सांगायचं होतं.