नाविक म्हणजे काय? भारताची स्वतःची ‘जीपीएस’ समजून घेऊया

डोंबिवलीत कोणी पत्ता विचारला की पहिला प्रश्न ठरलेला: पूर्व की पश्चिम? रुळांच्या चुकीच्या बाजूला उतरलात तर पूल चढा, गर्दीतून वाट काढा, पलीकडे उतरा. मोबाइलने तुमचं ठिकाण दोन-तीनशे मीटरने चुकवलं तर नेमकं हेच होतं. हे ठिकाण मोबाइलला कळतं उपग्रहांमुळे, आणि त्यातले काही उपग्रह आपल्या देशाचे आहेत. त्या प्रणालीचं नाव ‘नाविक’. मी डोंबिवलीकर आहे, त्यामुळे उदाहरणं आपल्या ठाणे-कल्याण पट्ट्यातलीच घेतो.

नाविक म्हणजे नेमकं काय?

नाविक ही इस्रोने उभारलेली प्रादेशिक दिशादर्शन प्रणाली. सरकारने २००६ मध्ये प्रकल्पाला मंजुरी दिली. पहिला उपग्रह १ जुलै २०१३ ला गेला, सातवा २८ एप्रिल २०१६ ला, आणि त्याच दिवशी पंतप्रधानांनी ‘नाविक’ हे नाव जाहीर केलं. अमेरिकेची जीपीएस, रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ आणि चीनची बायडू या प्रणाली जगभर चालतात. नाविक मात्र भारत आणि सीमेपासून साधारण १,५०० किलोमीटरपर्यंतच्या भागासाठी आहे. म्हणूनच कमी उपग्रहांत काम भागतं.

एक गैरसमज आधी दूर करतो. नाविक हे अ‍ॅप नाही आणि ते गुगल मॅप्सची जागाही घेत नाही. नाविक फक्त तुम्ही कुठे आहात ते ठरवायला मदत करतं. तो ठिपका कुठल्या रस्त्यावर दाखवायचा, हे नकाशाच्या अ‍ॅपचं काम.

मग जीपीएस असताना वेगळी प्रणाली कशाला?

कारण जीपीएस अमेरिकेच्या लष्कराच्या ताब्यात आहे. मे २००० पर्यंत अमेरिका सामान्य लोकांना मिळणाऱ्या सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे ठिकाण १०० मीटरपर्यंत चुकायचं. पुढे तिने ते थांबवलं, पण निर्णय तिचाच होता. जहाज, विमान, रेल्वे, लष्कर असं सगळं दुसऱ्याच्या मर्जीवर ठेवायचं का, हा खरा प्रश्न आहे.

आपल्या डोक्यावर हे उपग्रह कुठे असतात?

जीपीएसचे उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून दिवसातून दोन फेऱ्या मारतात. नाविकचे उपग्रह त्याहून बरेच वर, जवळपास ३६,००० किलोमीटरवर आहेत आणि पृथ्वीच्याच गतीने फिरतात. मूळ रचना सात उपग्रहांची. तीन विषुववृत्तावर एका जागी स्थिर, ३२.५, ८३ आणि १२९.५ अंश पूर्व रेखांशांवर. उरलेले चार तिरक्या कक्षेत, जमिनीवरून पाहिलं तर आकाशात इंग्रजी आठचा आकडा काढत फिरणारे.

ठाण्यावरून हिशेब केला तर ८३ अंशावरची जागा दक्षिणेला, थोडी पूर्वेकडे, क्षितिजापासून साधारण ६५ अंश उंच येते. ३२.५ अंशावरची पश्चिमेला ३९ अंशांवर, आणि १२९.५ ची पूर्वेला जेमतेम २३ अंशांवर. म्हणजे गच्चीवर किंवा खाडीकाठी तिन्ही दिशा मोकळ्या मिळतात, पण दोन्ही बाजूंना चार-चार मजली इमारती असलेल्या गल्लीत शिरलात की खालचा सिग्नल आधी जातो. आणि गाडी पारसिक बोगद्यात शिरली की नाविक काय, जीपीएस काय, सगळंच बंद.

सगळा खेळ घड्याळाचा

प्रत्येक उपग्रह सतत सांगत असतो, ‘मी इथे आहे आणि आत्ता इतके वाजलेत’. तो सिग्नल पोहोचायला किती वेळ लागला यावरून फोन अंतर काढतो. असे किमान चार उपग्रह लागतात: तीन जागा ठरवायला आणि चौथा तुमच्या फोनच्या स्वस्त घड्याळाची चूक दुरुस्त करायला.

सिग्नल प्रकाशाच्या वेगाने येतो. म्हणून सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाइतकी चूक झाली तरी अंतर ३०० मीटरने चुकतं. उभे आहात फडके रोडवर, आणि ठिपका रुळांच्या पलीकडे पश्चिमेला! यासाठीच उपग्रहात रुबिडियमचं अणुघड्याळ असतं.

नाविकचं दुखणंही इथेच आहे. पहिल्या उपग्रहातली तिन्ही आयात घड्याळं बंद पडली. त्याच्या बदलीला ऑगस्ट २०१७ मध्ये पाठवलेला उपग्रह उष्णताकवच न उघडल्याने वाया गेला. एप्रिल २०१८ मधला बदली उपग्रह मात्र व्यवस्थित पोहोचला. २९ मे २०२३ ला गेलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये पहिल्यांदा भारतात बनलेलं अणुघड्याळ बसवलं. २९ जानेवारी २०२५ ला श्रीहरिकोट्याच्या शंभराव्या उड्डाणात एनव्हीएस-०२ गेला, पण व्हॉल्व्ह न उघडल्याने त्याला ठरलेल्या कक्षेत नेता आलं नाही.

मग आज उपयोग किती?

जुलै २०२५ मध्ये सरकारने संसदेत सांगितलं, की सोडलेल्या अकरापैकी चार उपग्रह ठिकाण सांगायचं काम करतात आणि आणखी चार फक्त एकतर्फी संदेश पाठवायला वापरले जातात. असा संदेश कामाचा असतो. उत्तनच्या मच्छीमाराची मोबाइल रेंज संपली तरी वादळाचा इशारा त्याच्यापर्यंत पोहोचवता येतो. पण ठिकाणासाठी लागतात चार आणि तेव्हा होतेही चारच. यातला एक इमारतीआड गेला तरी नाविकचं एकट्याचं उत्तर येणार नाही. म्हणून आज तुमचा फोन नाविकला जीपीएस आणि इतर प्रणालींच्या जोडीला वापरतो, एकट्याने नाही.

बस आणि टॅक्सींना २०१९ पासून नाविक चालणारा ट्रॅकर लावायचा नियम आला. आपल्या तीनचाकी रिक्षा त्यातून वगळल्या आहेत.

तुमच्या फोनमध्ये नाविक आहे का?

- २०२० पासून क्वालकॉमच्या काही स्नॅपड्रॅगन चिपमध्ये नाविक आहे. आयफोनमध्ये १५ प्रोपासून आलं.
- अँड्रॉइडवर ‘जीपीएसटेस्ट’सारखं अ‍ॅप टाका, गच्चीवर जा आणि दोन मिनिटं थांबा. यादीत भारताचा झेंडा दिसला तर फोन नाविक पकडतोय.
- सुरुवातीचे उपग्रह एल५ आणि एस पट्ट्यात बोलतात, आणि बऱ्याच स्वस्त फोनमध्ये एल५ नसतं. एनव्हीएस मालिकेत म्हणून जीपीएसचा जुना, सगळ्यांना समजणारा एल१ पट्टाही दिला आहे.

या मालिकेत पाच उपग्रहांची योजना आहे. यापुढे नाविकची बातमी आली की ‘किती सोडले’ यापेक्षा ‘किती घड्याळं चालू आहेत’ हे आधी बघा. नाविक आपल्या पायावर उभं आहे का, ते त्याच आकड्यावरून कळेल.