धम्मचक्र आणि देहातील चक्रे : एक ऐतिहासिक विवेचन

नांदेड, लातूर आणि एकूणच मराठवाड्यातील शहरांतून ‘चक्र संतुलन’, ‘ऊर्जा उपचार’ अशा नावांचे फलक आता अपरिचित राहिलेले नाहीत. अशा फलकांवर पुष्कळदा तथागतांची ध्यानस्थ आकृती रेखाटलेली असते आणि तिच्या देहावर सात रंगांची सात वर्तुळे दाखविलेली असतात. साहजिकच उपासक-उपासिका विचारतात की, ही विद्या आपल्या धम्मातील आहे काय? यावर दोन उत्तरे ऐकू येतात. हे सर्व ब्राह्मणी थोतांड असून बौद्धांचा त्याच्याशी कधीच संबंध नव्हता, असे एक उत्तर. ही आपल्याच पूर्वजांची लुप्त विद्या असून ती परत मिळविली पाहिजे, असे दुसरे. इतिहासाच्या कसोटीवर ही दोन्ही उत्तरे टिकत नाहीत, असे आमचे मत आहे.

प्रथम पालि साहित्याकडे वळू. तेथे ‘चक्क’ हा शब्द मोलाचा आहे. परंतु ते चक्र देहात नाही. सारनाथच्या मृगदावनात पाच परिव्राजकांपुढे प्रवर्तित झाले ते धम्मचक्र. दुःख, त्याचे कारण, त्याचा निरोध आणि निरोधाचा मार्ग यांची ती देशना होय. देहाविषयी तथागतांनी पुष्कळ सांगितले आहे. सतिपट्ठान सुत्तात आश्वास-प्रश्वास, देहाच्या हालचाली आणि पृथ्वी, आप, तेज, वायू या चार धातूंचे अवलोकन येते. खुद्दकपाठातील द्वत्तिंसाकारात केस, नखे, दात, त्वचा, मांस, स्नायू, अस्थी असे देहाचे ३२ भाग मोजले आहेत. या गणनेत कमळ नाही, सर्पाकार शक्ती नाही, अडलेली वा मोकळी झालेली ऊर्जा नाही.

रोगाविषयीची तथागतांची दृष्टीही अशीच स्वच्छ आहे. संयुत्त निकायातील सीवक सुत्तात मोळियसीवक नावाचा परिव्राजक विचारतो की, मनुष्य जे सुखदुःख भोगतो ते सर्व पूर्वकर्मामुळेच, हे मत खरे आहे काय? तथागत ते मत मान्य करीत नाहीत. पित्त, कफ, वात, या तिन्हींचा संयोग, ऋतुपालट, विषम वर्तन आणि बाहेरचा आघात ही कारणे ते आधी मोजून दाखवितात. कर्मविपाक हे आठांपैकी केवळ एक. विनयपिटकाच्या महावग्गात औषधांवर एक संपूर्ण खंधक आहे. त्याच महावग्गात अतिसाराने मलमूत्रात पडलेल्या भिक्खूची कथा येते. आनंदाने पाणी आणले, तथागतांनी स्वतः ते ओतले, आनंदाने त्या भिक्खूला धुतले आणि दोघांनी मिळून त्याला मंचकावर निजविले. मग त्यांनी संघाला बजावले की, ज्याला माझी सेवा करावयाची आहे त्याने आजाऱ्याची सेवा करावी. येथे मंत्र नाही, चमत्कार नाही. येथे पाणी आहे, औषध आहे आणि मनुष्याचे हात आहेत.

परंतु बौद्धांचा इतिहास पालि निकायांपाशी संपत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मराठवाड्याच्या भूमीतच त्याचा पुरावा आहे. औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) लेण्यांत सहाव्या शतकाच्या सुमारास अवलोकितेश्वर आणि तारा यांची शिल्पे कोरली गेली. वेरूळच्या १२ क्रमांकाच्या ‘तीन ताल’ लेण्यात मध्यभागी बुद्ध आणि सभोवती आठ बोधिसत्त्व अशी नऊ चौकटींची मंडले भिंतीवर आहेत. ही मंत्रयानाची चाहूल होय. मात्र हे मंडल अद्याप भिंतीवर आहे. साधकाच्या देहात ते उतरलेले नाही.

ते देहात उतरले वज्रयानाच्या उत्तरकालीन तंत्रांत. नवव्या-दहाव्या शतकाच्या सुमारास सिद्ध झालेल्या हेवज्रतंत्रात देहामध्ये चार चक्रे सांगितली आहेत : नाभीपाशी ६४ पाकळ्यांचे निर्माणचक्र, हृदयापाशी ८ पाकळ्यांचे धर्मचक्र, कंठात १६ पाकळ्यांचे संभोगचक्र आणि मस्तकात ३२ पाकळ्यांचे महासुखचक्र. ललना, रसना आणि अवधूती या नाड्याही तेथे आहेत. सारनाथला लोकांसाठी प्रवर्तित झालेले धम्मचक्र या तंत्रात एका साधकाच्या छातीतील कमळ झाले, यावर वाचकांनी क्षणभर विचार करावा. ज्याचा उपदेश उघड्यावर सर्वांसाठी झाला, त्याचेच नाव गुरूकडून दीक्षा घेतलेल्यापुरत्या गुप्त साधनेला मिळाले.

शैव परंपरेत दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास कुब्जिकामततंत्रात सहा चक्रांची व्यवस्था आढळते. शैव आणि बौद्ध तांत्रिकांमध्ये देवघेव होत होती. तिबेटी परंपरेच्या ८४ सिद्धांत मीनपा आणि गोरक्ष यांची नावे आहेत, आणि नाथपंथ मत्स्येंद्र-गोरक्षांनाच आपले आद्य गुरू मानतो. हठयोगाची तत्त्वे सांगणारा सर्वांत जुना ज्ञात ग्रंथ ‘अमृतसिद्धि’ हा सुमारे अकराव्या शतकातील असून तो वज्रयानी वातावरणातून आलेला आहे, हे अलीकडच्या संशोधनाने दाखविले आहे. महाराष्ट्रात हा प्रवाह नाथपंथाच्या द्वारे आला. इ. स. १२९० मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातील कुंडलिनीचे विस्तृत वर्णन हे त्याचेच फळ होय. म्हणजे चक्रकल्पनेच्या इतिहासात बौद्धांचा वाटा आहे. परंतु तो बुद्धांच्या परिनिर्वाणानंतर हजाराहून अधिक वर्षांनी निर्माण झालेल्या एका शाखेचा वाटा आहे.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. चक्रांची संख्या ग्रंथागणिक बदलते, कारण शरीर चिरून कोणी ती मोजली नव्हती. ध्यानासाठी योजलेल्या त्या प्रतिमा होत्या. दुसरे असे की, त्या साधनेचे मुख्य ध्येय मुक्ती आणि सिद्धी हे होते. शुल्क घेऊन थायरॉइड, मधुमेह वा निद्रानाश बरा करण्यासाठी ‘चक्र संतुलन’ करणे हा या तंत्रांचा विषय नव्हता.

मग आजची सप्तरंगी चक्रे कोठून आली? बंगालच्या पूर्णानंदांनी इ. स. १५७७ मध्ये रचलेल्या ग्रंथातील ‘षट्चक्रनिरूपण’ या प्रकरणाचा इंग्रजी अनुवाद कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सर जॉन वुड्रॉफ यांनी १९१९ मध्ये प्रसिद्ध केला. १९२७ मध्ये थिऑसॉफिस्ट लेडबीटर यांनी चक्रांवर पुस्तक लिहून आपल्या कथित दिव्यदृष्टीची भर त्यात घातली. १९७७ मध्ये ख्रिस्तोफर हिल्स यांच्या पुस्तकाने इंद्रधनुष्याचे सात रंग सात चक्रांना जोडण्याची पद्धत रूढ केली. पूर्णानंदांच्या वर्णनात मणिपूराच्या पाकळ्या मेघासारख्या श्याम आहेत, आजच्या फलकावर त्या पिवळ्या. आज्ञाचक्र तेथे शुभ्र आहे, फलकावर निळे-जांभळे. ‘हजारो वर्षांची प्राचीन विद्या’ म्हणून जे विकले जाते त्याचा रंग असा अर्ध्या शतकापूर्वीचा आहे.

प्राचीन असते तरी ते खरे ठरले नसते. परंपरेने आले, ग्रंथात आहे, एवढ्यावरून काही स्वीकारू नये, हे कालाम सुत्त सांगते; तपासून पाहावे लागते. हातांना देहाची ऊर्जा जाणवते असे म्हणणाऱ्या २१ उपचारकांची एक परीक्षा अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. पडद्याआडून परीक्षकाचा हात आपल्या कोणत्या हातावर धरला आहे, एवढेच त्यांना सांगावयाचे होते. २८० वेळांपैकी १२३ वेळा, म्हणजे ४४ टक्के, उत्तर बरोबर आले. नाणे उडवून याहून वाईट झाले नसते. शांत बसण्याने, संथ श्वासाने, कोणी आपले दुःख ऐकून घेतल्याने मनाला विसावा मिळतो, हे आम्ही नाकारीत नाही. मात्र त्यासाठी अदृश्य चक्रांची आवश्यकता नाही.

हा प्रश्न केवळ पंडिती नाही. शिकवणीसाठी खेड्यांतून लातूर-नांदेडला आलेला विद्यार्थी परीक्षेच्या ताणाने खचतो, घरकाम आणि मजुरी यांत पिचलेली भगिनी अंगदुखीने हैराण होते. अशांचे पैसे तर जातातच, त्याहून मोलाचा उपचाराचा काळ जातो. आणि रोग हटला नाही तर दोष रुग्णाच्या माथी येतो. तुमच्याच मनात अडथळा आहे, तुमचेच पूर्वसंचित आड येते, असे त्याला ऐकविले जाते. हा युक्तिवाद आम्हांला परका नाही. तुमचे दैन्य हे तुमच्या पूर्वजन्मीच्या पापाचे फळ आहे, असे आमच्या पूर्वजांना शतकानुशतके सांगण्यात आले. मोळियसीवकाला तथागतांनी दिलेले उत्तर म्हणूनच आम्हांला औषधाइतके मोलाचे वाटते.

रोग जादूने बरा करण्याच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा १९५४ पासून आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर महाराष्ट्रात २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदाही झाला. परंतु कायद्याआधी विहाराचे काम आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धवचन ओळखण्याच्या कसोट्या दिल्या आहेत. जे बुद्धिसंगत आणि तर्कसंगत नाही, ज्याचा मानवाच्या कल्याणाशी संबंध नाही, ते बुद्धांचे म्हणता येणार नाही. या कसोट्यांवर हेवज्रतंत्र आमच्या इतिहासात राहील. त्याचा अभ्यास आम्ही करू, वेरूळच्या मंडलांपुढे आदराने उभे राहू. मात्र इतिहासात आहे ते सर्व धम्म नव्हे.

विहारात आनापानसतीचा अभ्यास अवश्य व्हावा. त्याच विहारातून आजाऱ्याला रुग्णालयात नेणारे, मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यातील संकोच दूर करणारे उपासकही निघावेत. आनंदाने आणलेले पाणी आणि तथागतांचे हात यांचा वारसा तोच आहे. धम्मचक्र लोकांमध्ये फिरते तेव्हाच ते धम्मचक्र असते.