लँगहॅमर, वॉल्टर

(१९०५–१९७७). मुंबईच्या आधुनिक चित्रकलेला वळण देणारे ऑस्ट्रियन चित्रकार. जन्म ग्राझचा, शिक्षण व्हिएन्नाच्या ललितकला अकादमीत. व्हिएन्नाचे चित्रकार क्लिम्ट आणि शीले १९१८ मध्ये एकाच वर्षी गेले, तेव्हा लँगहॅमर शाळकरी वयाचे होते. त्यांच्या रंगांवर मात्र ऑस्कर कोकोश्काच्या अभिव्यक्तिवादाची छाप दिसते.

मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. पत्नी कॅथे ज्यू आणि डाव्या विचारांच्या; व्हिएन्नात राहणे धोक्याचे झाले. त्याच वर्षी दांपत्य मुंबईत आले. ‘टाइम्स ऑफ इंडिया’ने लँगहॅमर यांना कला-संचालक नेमले.

नोकरी वृत्तपत्रातली असली तरी त्यांचे खरे काम नेपियन सी रोडवरच्या घरात चाले. रविवारी तिथे तरुण चित्रकार जमत, कामे दाखवत आणि त्यावर चर्चा रंगे. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये तेव्हा यथार्थदर्शी रेखाटनाची शिस्त पक्की होती. युरोपातली नवी चित्रे विद्यार्थ्यांना सहसा छापील प्रतींतूनच भेटत. अशा वेळी त्या परंपरेत वाढलेला, हाती रंग-सुरी घेऊन जाड थर चढवणारा चित्रकार समोर काम करताना पाहणे हेच शिक्षण होते. सय्यद हैदर रझा यांना त्यांनी आपल्या स्टुडिओत काम करू दिले. रझांच्या चाळीसच्या दशकातल्या निसर्गचित्रांतली रंगांची मोकळीक पाहताना या सहवासाची आठवण ठेवावी लागते. कृष्णाजी हौळाजी आरा यांनाही त्यांचे प्रोत्साहन लाभले.

बर्लिनचे कलासमीक्षक रूडॉल्फ फॉन लायडन आणि व्हिएन्नाहून आलेले संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंजर हे या वर्तुळातले दुसरे दोन आधार. एक लिही, दुसरा चित्रे विकत घेई आणि लँगहॅमर हात धरून शिकवीत. १९४७ मध्ये सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाकरे यांचा ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ उभा राहिला, तो अशा पाठबळावर. गटाचे जाहीर प्रदर्शन १९४९ मध्ये भरले.

लँगहॅमर स्वतः निसर्गचित्रे आणि व्यक्तिचित्रे रंगवीत. तरी मुंबईच्या कलेतिहासात त्यांचे नाव येते ते बहुधा रझा-आरांच्या संदर्भात. १९५७ मध्ये ते भारत सोडून लंडनला गेले. १९७७ मध्ये त्यांचे निधन झाले.