टपावरच्या सायकली

फ्रान्स देशांत दर वर्षीं उन्हाळ्यांत सायकलींची जी मोठी शर्यत होते, तिचीं चित्रें पाहतांना आपली नजर स्वारांवरच खिळते. त्यांच्या मागून येणाऱ्या मोटारींकडे सहसा लक्ष जात नाहीं. त्या मोटारींच्या टपांवर जादा सायकली उभ्या बांधलेल्या असतात. वाटेंत एखाद्याची सायकल मोडली कीं मोटार थांबते, मागें बसलेला कारागीर झटकन् उतरतो, टपावरची सायकल खालीं घेतो आणि स्वार पुन्हां मार्गाला लागतो. हें दृश्य आज इतकें अंगवळणीं पडलें आहे कीं, त्याच्यामागें न्यायाचा एक जुना वाद आहे हें कोणाच्या ध्यानींहि येत नाहीं.

ही शर्यत १९०३ सालीं ‘लोतो’ ह्या वृत्तपत्राचे संपादक आंरी देग्रांज यांनीं सुरू केली. त्यांची दृष्टि मोठी कठोर होती. स्वारानें स्वतःच्या बळावरच जिंकलें पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. सायकल मोडली तर ती ज्याची त्यानेंच दुरुस्त करावी, दुसऱ्याचा हात तिला लागतां कामा नये, असा दंडक होता.

ह्या दंडकाची खरी कसोटी १९१३ सालीं लागली. बायोन ते ल्यूशाँ हा ३२६ किलोमीटरांचा टप्पा चालू असतां, पिरेनीज पर्वतांतील तूर्मले घाट उतरतांना यूजेन क्रिस्तोफ ह्या स्वाराच्या सायकलीचा पुढचा चिमटा मोडला. शर्यत जिंकण्याची त्याला त्या वर्षीं मोठी आशा होती. त्यानें सायकल खांद्यावर घेतली आणि सुमारें १४ किलोमीटर पायपीट करून सँत-मारी-द-कांपां हें खेडें गांठलें. तेथील लोहाराच्या भट्टीवर त्यानें स्वतः लोखंड तापवून, ठोकून चिमटा सांधला. शर्यतीचे अधिकारी जवळ उभे राहून पाहत होते. दोन्ही हात कामांत गुंतल्यामुळें त्यानें एका मुलाला भाता ओढावयास सांगितलें, आणि तेवढ्या साहाय्याबद्दल त्याला वेळेचा दंड झाला! विजय फिलिप थीस ह्या बेल्जियन स्वारास मिळाला. दैव तरी कसें पाहा : १९१९ सालीं शर्यतींत आघाडीवर असणाऱ्यास पिवळा अंगरखा देण्याची प्रथा पडली, तो प्रथम क्रिस्तोफच्याच अंगावर चढला, आणि शेवट जवळ आला असतां व्हालांसिएन गांवाजवळ चिमटा पुन्हां मोडला. ही शर्यत त्याला कधींच जिंकतां आली नाहीं.

ह्या हकीकतींत पौरुष आहे, हें कोण नाकारील? पण लोखंडांतील दोषाची शिक्षा माणसानें भोगावी, हा न्याय म्हणावा काय? नियम स्वारांची परीक्षा घेण्यासाठीं होता. प्रत्यक्षांत परीक्षा झाली ती चिमट्याची.

पुढें संघांना महत्त्व आलें, तेव्हां हा भार दुसऱ्या माणसावर पडला. १९३४ सालीं रेने व्हिएत्तो ह्या वीस वर्षांच्या तरुणानें आपल्या फ्रेंच संघाचा नायक आंतोनँ मान्ये यास स्वतःचें चाक काढून दिलें. दुसऱ्या दिवशीं तर मागें वळून आपली सायकलच दिली. रस्त्याकडेच्या कठड्यावर बसून रडणाऱ्या त्या तरुणाचें छायाचित्र प्रसिद्ध आहे. मान्ये जिंकला. टपावर जी सायकल असावयास हवी होती, ती त्या दिवशीं एका माणसाच्या आशेंतून काढून घ्यावी लागली.

महायुद्धानंतर जुने निर्बंध सैल होत गेले आणि साहाय्याच्या मोटारी शर्यतीचें नित्याचें अंग झाल्या. त्यांच्या व्यवस्थेंतहि बराच विचार आहे. नायकाची जादा सायकल टपाच्या कडेला, चटकन् हातीं येईल अशी ठेवतात. मोटार मात्र उंच असून चालत नाहीं. आंतरराष्ट्रीय सायकल संघाच्या नियमानें स्वारांजवळ जाणाऱ्या मोटारीची उंची १ मीटर ६६ सेंटिमीटरांहून अधिक नसावी. उंच मोटारीमुळें मागच्यांस रस्ता दिसत नाहीं, आणि टपापर्यंत हात पोंचणेंहि अवघड. मोटारींचा क्रम संघाच्या सर्वोत्तम स्वाराच्या स्थानाप्रमाणें ठरतो. म्हणजे पुढें असणाऱ्यास मदत जवळची, मागें पडलेल्यास लांबची! ही उणीव कांहीं अंशीं भरून काढण्यासाठीं कोणत्याहि संघाच्या नसलेल्या मोटारी ठेवण्याची पद्धति पडली. २०२० पर्यंत मॅव्हिक कंपनीच्या पिवळ्या मोटारींनीं हें काम ह्या शर्यतींत केलें.

१४ जुलै २०१६ रोजीं व्हांतू पर्वतावर गर्दीमुळें एक मोटारसायकल थांबली, तिच्यावर आदळून पिवळा अंगरखा घातलेल्या ख्रिस फ्रूमची सायकल निकामी झाली. संघाची मोटार गर्दींत मागें अडकलेली. तो रित्या हातांनीं चढावर धांवूं लागला. पिवळ्या मोटारीच्या टपावरची सायकल मिळाली, ती त्याला बसेना. अखेर संघाची मोटार आली तेव्हां त्याची सुटका झाली. पंचांनीं त्याचा गमावलेला वेळ भरून दिला आणि अंगरखा त्याच्याकडेच राहिला.

भाता ओढणाऱ्या मुलाबद्दल दंड करणारे पंच आणि अपघाताची भरपाई देणारे पंच, ह्यांच्यामध्यें शंभर वर्षांहून अधिक अंतर आहे. दोघांनाहि न्यायच करावयाचा होता. पहिल्यांस वाटे, दैवाचा घाव माणसानें एकट्यानें सोसावा. दुसऱ्यांस वाटलें, तो सोसण्यांत त्याचें मोल नाहीं. मला दुसरें मत अधिक पटतें. तरी खांद्यावर मोडकी सायकल घेऊन घाट उतरणारा क्रिस्तोफ मनांतून जात नाहीं. त्याच्या हालांनींच पुढच्यांस मोटारीच्या टपाची गरज शिकविली.