आकाशातली एक टिक

गेल्या वर्षी मुंबईहून फ्रँकफर्टला जाताना, अरबी समुद्रावर असतानाच बाबांचा मेसेज आला : ‘आजी गेली.’ मी ‘येतो’ एवढंच लिहिलं. टिक एकच. बराच वेळ एकच.

अशा वेळीही डोक्यात लेटन्सी आली. इंजिनिअर माणूस, काय करणार! विमानाच्या पाठीवरच्या अँटेनातून निघालेला सिग्नल ३५,७८६ किलोमीटर उंचीवरच्या भूस्थिर उपग्रहाकडे जातो, तिथून जमिनीवर. उत्तर पुन्हा त्याच वाटेने. प्रकाशाच्या वेगानेही जवळपास अर्धा सेकंद.

ही वाट प्रवासी विमानांसाठी बांधायचा पहिला मोठा डाव बोइंगचा. ‘कनेक्शन बाय बोइंग’ २००० साली जाहीर झालं. ९/११ नंतर अमेरिकन विमान कंपन्यांनी अंग काढून घेतलं, तरी मे २००४ मध्ये लुफ्तान्साच्या म्युनिक–लॉस एंजेलिस विमानात सेवा सुरू झाली. लांबच्या प्रवासाला जवळपास ३० डॉलर. २००६ सरता सरता दुकान बंद! आणि आयफोन आला २००७ मध्ये. माझ्या मते तंत्रज्ञान फसलं नव्हतं, गिऱ्हाईकच जन्मायचं होतं. गुडघ्यांवर लॅपटॉप उघडून एवढे पैसे मोजणारे असे कितीसे असणार? आपल्याकडे तर विमानातल्या इंटरनेटचे नियमच डिसेंबर २०१८ मध्ये आले.

दुसरी टिक उमटली. बाबांनी लिहिलं, ‘उतरलास की फोन कर.’

समोरच्या स्क्रीनवर विमान अजून पश्चिमेकडेच सरकत होतं. उतरायला सात तास होते.